भाराभर चिंध्यांचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

धरसोड करणाऱ्या माणसाला मराठी भाषेने फारशी दयामाया दाखविलेली नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकतो आणि पुढे जन्मभर शेजाऱ्यांच्या मुलांसाठी वापरतो. ज्याने पुष्कळ ठिकाणी काम केले, पुष्कळ माणसे पाहिली, त्याला आपण ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ म्हणतो खरे, पण त्यात कौतुकापेक्षा ‘याच्यापासून जपून राहा’ ही सूचनाच अधिक असते. जो एका कारखान्यात लागला आणि तेथूनच निवृत्त झाला, तो खरा मार्गी लागलेला. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या परिसरात तर ‘कायम झाला’ हे दोन शब्द लग्नाच्या बैठकीत छत्तीस गुणांपेक्षाही जड भरतात.

मग ज्या माणसांना त्यांचे जीवितकार्य उशिरा, अनेक वळणे घेतल्यावर सापडले, त्यांचे काय? त्यांची आधीची वर्षे फुकट गेली असे समजायचे, की त्या वर्षांतच काहीतरी शिजत होते असे मानायचे? हा प्रश्न मी दादासाहेब फाळके यांच्या चरित्राच्या आधाराने तपासून पाहणार आहे. फाळके आपणा सर्वांना ठाऊक आहेत ते भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून. परंतु त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा तिच्या आधीच्या पंचवीस वर्षांत अधिक रस आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. घरात शास्त्राध्ययनाची परंपरा. वडील संस्कृतचे जाणकार. मुलगा मात्र १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे चित्रकला झाली, मूर्तिकाम झाले, वास्तुकलेचा अभ्यास झाला आणि कॅमेरा हाती आला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या विद्यार्थ्याला चित्रांचे रंगीत ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला धाडले. पुढे फाळके यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले व ते गोध्रा सोडून निघाले. बडोद्यात पुन्हा दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत पसरलेली. धंदा बसला. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम त्यांनी केले. याच सुमारास एका परदेशी जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतः प्रयोग करताना ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव लावीत. (फाळके हे आडनाव उलटे वाचून पाहावे.) १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी! आता तरी गाडी रुळावर आली, असे कोणालाही वाटले असते. तीन वर्षांत तीही त्यांनी सोडली.

आम्हा रावेतकरांना पुढचा मुक्काम विशेष जवळचा वाटावा. आकुर्डीला लोकल धरली की देहूरोड, तळेगाव, कामशेत करीत मळवली येते आणि त्यापुढचे स्थानक लोणावळा. मळवलीजवळ राजा रविवर्मा यांनी काढलेला प्रसिद्ध छापखाना होता. घरोघरीच्या भिंतींवर लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे तेथे छापली जात. रविवर्मांनी तो नंतर एका जर्मन तंत्रज्ञाला विकला होता, पण नाव तेच चालू राहिले. फाळके यांनी १९०६ च्या सुमारास लोणावळ्याला स्वतःचा ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ उभा केला तो मुख्यतः या छापखान्याचे काम करण्यासाठी. मूळ चित्राचे छायाचित्रण करून ते छपाईच्या शिळेवर उतरवून देणे, हे ते काम. पुढे ठसे आणि तीन रंगांची छपाई होऊ लागली. व्याप वाढला, छापखाना दादरला गेला, नवा भांडवलदार भागीदार आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे नाव झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी मतभेद होऊन, भरभराटीला आलेला हा धंदा त्यांनी सोडला, तोही रिकाम्या हातांनी.

१९११ सालच्या आरंभी त्यांच्या नातेवाइकांनी काय म्हटले असेल, ते कल्पनेनेही सांगता येईल. कारण तेच शब्द आजही रावेतमध्ये ऐकू येतात. वय एक्केचाळीसच्या घरात, दोन दुकाने बंद, सरकारी नोकरीचा राजीनामा, छापखाना दुसऱ्याच्या हाती. भाराभर चिंध्या.

त्या वर्षीच्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत असताना मनात राम-कृष्ण दिसू लागले, असे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितले आहे. येथवरची कथा पुष्कळांना माहीत असते, आणि ती ऐकताना असा भास होतो की जणू आकाशातून वीज पडली व एका क्षणात सगळे घडले. मला वाटते, ती वीज त्या चित्रगृहातील इतर प्रेक्षकांवरही पडली होती. तोच पडदा, तेच चित्र त्यांनीही पाहिले. घरी परतताना ‘हे मला करता येईल’ असे म्हणू शकणारा माणूस मात्र त्या गर्दीत बहुधा एकच असावा, आणि त्याचे कारण आधीच्या मुक्कामांत शोधले पाहिजे.

येथे मला माझ्या स्वतःच्या कामाचा थोडा आधार घ्यावा लागतो. मी संध्याकाळी आकुर्डीतील एका लहान छापखान्यात संगणकावर मजकूर जुळविण्याचे काम करते. लग्नपत्रिका, बिलबुके, हस्तपत्रके असा आमचा माल. रंगीत पत्रिका छापताना एकच कागद चार वेळा रंग घेतो: निळा, तांबडा, पिवळा, काळा. हे चारही रंग एकमेकांवर केसभरही न सरकता बसले तर गणपती गणपतीसारखा दिसतो. एक रंग जरासा सरकला की सोंडेला सावली येते, अक्षरांना भुते दिसतात, आणि पाचशे पत्रिका रद्दीत जातात. यंत्रावरचे काका भिंगातून कोपऱ्यातल्या बारीक फुल्या न्याहाळत बसतात, ते एवढ्यासाठीच. फाळके यांच्या काळी हे तीन रंगांत चाले. एकाच चित्राची रंगीत काचांमधून तीन छायाचित्रे घ्यायची, प्रत्येकाचा वेगळा ठसा करायचा आणि तिन्ही ठसे एकाच जागी उमटवायचे.

आता चित्रपटाची पट्टी पाहा. फाळके यांना मिळणारी कोरी फिल्म कडेला भोके न पाडलेली असे. ती अंधारात बसून, हाताने चालवायच्या यंत्राने पाडावी लागत. दोन भोकांमधील अंतर कमी-जास्त झाले की पडद्यावरचे चित्र उड्या मारते. एका सेकंदात सोळा-अठरा चित्रे एकामागून एक नेमक्या एकाच जागी येऊन थांबली पाहिजेत, तेव्हा ते चित्र ‘हलते’. म्हणजे ठसे करणाऱ्याची जी चिंता, तीच येथे आली. फक्त रंगांच्या जागी क्षण आले. लोणावळ्याच्या छापखान्यात ज्याचे डोळे केसभराच्या चुकीला सरावले होते, त्याला हे नवे नव्हते. हे मला कोणत्या पुस्तकात सापडले नाही. पत्रिकेच्या बिघडलेल्या गठ्ठ्याकडे पाहताना ते लक्षात आले.

बाकीच्या मुक्कामांचेही असेच आहे. छायाचित्रणाच्या दुकानाने रसायने शिकविली. नाटकाच्या पडद्यांनी राजवाडा व अरण्य उभे करण्याची युक्ती दिली. जादूने सर्वांत मोठी देणगी दिली असे मी म्हणेन. माणूस अदृश्य करणे, डोके धडावेगळे करणे, एकाचे दोन करणे, हे सर्व कॅमेरा मध्येच थांबवून किंवा त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करून साधता येते, आणि पौराणिक चित्रपटाचा प्राण यातच आहे. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांतील चमत्कारांमागे ‘प्रोफेसर केळफा’ उभे आहेत.

परंतु येथे थांबून एक शंका घेतली पाहिजे. नाहीतर हा लेख वक्तृत्वस्पर्धेतील भाषण होईल. निकाल हाती आल्यावर वजाबाक्याही बेरजा दिसू लागतात. फाळके यशस्वी झाले म्हणून आपण प्रत्येक मुक्कामाचे फळ मोजतो आहोत. गोध्र्याच्या प्लेगमध्ये ‘शिकण्यासारखे’ काय होते? काही नाही. ते दुःखच होते. आणि त्यांचा स्वभावही जीवितकार्य सापडल्यावर बदलला नाही. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे थोड्याच काळात तेही सोडून ते काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. मग परतले. १९३१ मध्ये बोलपट आला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ चा, मूकपट म्हणून तयार झालेला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा आणि एकमेव बोलपट १९३७ मध्ये कोल्हापुरात तयार झाला, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. जीवितकार्य सापडले की माणूस स्थिरस्थावर होतो, असे या चरित्रावरून तरी म्हणता येत नाही.

दुसरी शंका याहून अवघड आहे. ती मला माझ्या वडिलांमुळे आली.

माझे वडील १९९९ मध्ये बार्शीकडून इकडे आले. प्रथम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर हेल्पर, मग चाकण भागातील एका कंपनीत कंत्राटावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मध्ये एका गृहसंकुलात रखवालदार. २०२० च्या टाळेबंदीत कंत्राट संपले. आता ते शाळेची व्हॅन चालवितात. मुक्काम मोजले तर फाळके यांच्यापेक्षा कमी भरणार नाहीत. आमच्या घरी जे नातेवाईक मला ‘सायन्स सोडून आर्ट्सला का गेलीस, बी.ए. करून पुढे काय’ असे विचारतात, तेच वडिलांविषयी ‘एका जागी टिकला नाही’ असे म्हणतात. वस्तुतः त्यांनी एकही कंपनी सोडलेली नाही. कंत्राटी कामगाराला काही महिने झाले की ‘ब्रेक’ देतात, म्हणजे कमी करतात, म्हणजे तो कायम होण्याचा प्रश्नच उरत नाही. धर त्यांची आणि सोड कंपनीची, अशी ही धरसोड आहे.

या लेखासाठी मी वडिलांना विचारले की इतक्या ठिकाणी काम करून तुम्ही काय शिकलात? ते म्हणाले, “भोसरीला शिकलो. मालक स्वतः लेथवर उभा राहायचा, तो सगळं दाखवायचा. जॉब लावण्यापासून माप घेण्यापर्यंत. चाकणला अकरा महिने चार बोल्ट आवळले. गाडी पुढं कुठं जाते, तिचं काय होतं, ते मी बघितलंच नाही.” अजूनही व्हॅनच्या चाकातून आवाज आला तर बेअरिंग गेले की ब्रेक घासतो आहे, हे ते गाडीत बसल्या बसल्या सांगतात. हे ज्ञान भोसरीचे आहे. चाकणच्या तीन कंपन्यांनी त्यांच्या हातात काहीही ठेवले नाही.

मला वाटते, विविध अनुभव घ्यावेत असा उपदेश करणारे जेथे फसतात ती जागा वडिलांनी बोटाने दाखविली. अनुभव नुसते वेगवेगळे असून भागत नाही. फाळके यांनी जे जे धरले, ते अथपासून इतिपर्यंत पाहिले. छायाचित्र घेतले, धुतले आणि छापलेही. ठसा केला, तसा तो यंत्रावर चढवून कागद बाहेर येईपर्यंत उभे राहिले. म्हणून एका धंद्यातील विद्या उचलून दुसऱ्या धंद्यात नेता आली. ज्याला कामाचा एक तुकडाच दिला जातो, त्याने दहा ठिकाणचे दहा तुकडे गोळा केले तरी ते शिवायला दोरा त्याच्यापाशी नसतो. शिवाय फाळके यांच्या पाठीशी कलाशाळेचे शिक्षण होते, गज्जरांसारखे गुरू होते, गहाण टाकण्याजोगी आयुर्विम्याची पॉलिसी होती. त्या पॉलिसीवर कर्ज काढून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले व चित्रपटाचे तंत्र पाहून, कॅमेरा घेऊन एप्रिलमध्ये परतले. त्याआधी रात्रंदिवस फिल्मचे प्रयोग करून डोळे इतके बिघडले होते की काही काळ दिसेनासे झाले होते. उपचारांनी दृष्टी परत आली. या जिद्दीपुढे मी मान लववते. पण गहाण टाकायला काहीतरी असावे लागते, हेही नोंदवून ठेवते.

आणि एक व्यक्ती असावी लागते. सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयी चरित्रलेखक आदराने लिहितात, परंतु बहुधा एका परिच्छेदात. या बाईंनी दागिने दिले, ही गोष्ट सर्वजण सांगतात, कारण दागिने देणे हे पत्नीच्या कर्तव्यात बसते. त्यांनी रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, फिल्म धुण्याची रसायने मिसळण्यास त्या शिकल्या, उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ती भूमिका सरस्वतीबाईंनाही विचारली होती. इतकी कामे अंगावर असताना ती त्यांनी घेतली नाही. चित्रपटात काम करणे तेव्हा हलके मानीत, म्हणून फाळके आपल्या नटांना सांगत की कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगा. (आमच्याकडे आजही ‘फॅक्टरीत आहे’ म्हटले की पुढचे प्रश्न बंद होतात.) त्या फॅक्टरीतील प्रत्येक खाते ज्यांनी सांभाळले अशी दोनच माणसे होती, आणि त्यांपैकी एक सरस्वतीबाई. मी वर जी कसोटी सांगितली, काम अथपासून इतिपर्यंत पाहण्याची, ती लावली तर भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांत त्यांचे नाव घालावे लागेल. त्यांनी आडवळणे घेतली नाहीत. पतीच्या प्रत्येक आडवळणावर त्यांना नवा धंदा शिकावा लागला. माझी आई वडिलांच्या प्रत्येक ‘ब्रेक’नंतर असेच एक नवे काम शिकली: आधी ब्लाऊज शिवणे, मग शेवया, आता सोसायटीतील पाळणाघर. तिला कोणी धरसोड करणारी म्हटले नाही. तिने काम केले, असेच मुळी कोणी धरले नाही.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे आज उपलब्ध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ते जतन केले. ही रिळे फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा घेतलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ती पाहताना माझे लक्ष कथेत नव्हते. चित्र किती हलते ते मी पाहत होते. पट्टी शंभर वर्षांची. ओरखडे आहेत, डाग आहेत.

माझे जीवितकार्य कोणते, असे मला कोणी विचारले तर आज उत्तर नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी ते असावे असा आग्रहही मला पटत नाही. छापखान्यात मात्र मी संगणकाच्या खुर्चीपुरती राहू इच्छीत नाही. मजकूर जुळवून पलीकडे देते आणि कागद कसा छापून येतो ते पाहायच्या आत घरी जाते, म्हणजे माझेही चार बोल्टच झाले. म्हणून यंत्र शिकवा, असे मी सांगितले. मालक म्हणाले, शाई हाताला लागेल, मुलीचे काम नव्हे ते. यंत्रावरचे काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंग माझ्यापुढे सरकविले आणि कोपऱ्यातली फुली दाखवून विचारले, “सांग, कोणता रंग सरकलाय?” तांबडा सरकला होता. पुढच्या आठवड्यापासून मालक बँकेत जातात त्या वेळात प्लेट चढवायला शिकवतो म्हणाले आहेत.